घरसंसार : भंगारात देण्याआधी एकदा खरवडून पाहा



शाबान महिना निम्मा सरला की, किंवा घरात निकाह ठरला की, आपल्याकडे रंगसफेदी निघते. भिंती रंगवायच्या म्हणून सामान हलवले जाते आणि वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडलेली दादीची तिपाई, पाय हलणारी खुर्ची, जुने कपाट, पलंग हे सगळे उजेडात येते. उजेडात ते फारच कळकट दिसते. पॉलिश काळे पडलेले, त्यावर कुणीतरी कधीतरी हिरवा ऑइल पेंट फासलेला, कोपऱ्यात खिळे ठोकलेले. मग "काढून टाका एकदाचे" असे कुणीतरी म्हणते, आणि भंगारवाल्याची हाक तर रोजच येत असते.

त्या जागी हप्त्यावर नवे कपाट येते. दिसायला ते चकचकीत असते, पण आतून पुष्कळदा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी असते. किनाऱ्याकडच्या दमट हवेत किंवा ओलीच्या भिंतीला टेकून ते दोन पावसाळे राहिले की फळीची कड फुगते. बिजागरीचे स्क्रू सुटून येतात. फुगलेली फळी परत बसत नाही आणि सुटलेल्या स्क्रूला पुन्हा पकड मिळत नाही. हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहतात. भंगारात गेलेला सागवान यापेक्षा कितीतरी जास्त टिकला असता.

म्हणून या महिन्यात तीन गोष्टी पाहू. जुने भरीव लाकूड ओळखायचे कसे, ते घरच्या घरी खरवडून पॉलिश करायचे कसे, आणि हे काम करताना घरातल्या लहान मुलांना जपायचे कसे. तिसरी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून तिला जास्त जागा दिली आहे.

आधी विचारा, मग हात लावा

वस्तू आजी-आजोबांची असेल आणि वाटणी झालेली नसेल, तर ती तुमच्या घरात असली तरी तुमच्या एकट्याची नाही. विरासतीत सर्व वारसांचा हिस्सा असतो, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही. भंगारात विकणे, पाय कापून ठेंगणे करणे, रंग बदलणे यांपैकी काहीही करण्याआधी एक फोन करून विचारा. पुष्कळदा पलीकडून उत्तर येते, "ठेव तूच, पण विकू नकोस." एवढ्याने पुढची मनस्तापाची बोलणी टळतात.

लाकूड ओळखा

वस्तूची पुढची बाजू पाहू नका. ती पॉलिशने झाकलेली असते. ड्रॉवर बाहेर काढून त्याचा तळ पाहा, कपाटाची पाठ पाहा, तिपाई उलटी करा. तिथे सहसा कुणी पॉलिश लावलेले नसते.

साग सोनेरी-तपकिरी असतो, रेषा बहुधा सरळ आणि ठळक असतात. हाताला किंचित तेलकट लागतो. नखाएवढी जागा ब्लेडने खरवडली की चामड्यासारखा वास येतो. शिसम जास्त गडद आणि जड असते. फळीच्या कडेला एकावर एक थर दिसले तर ते प्लायवूड. कडेला भुशाचे कण दाबलेले दिसले तर ती भुशाची फळी. तिच्यावर ही मेहनत करू नका, पाणी लागताच ती फुगेल.

एक फसवी जागा आहे. काही जुन्या कपाटांत वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो आणि आत हलके लाकूड असते. या पापुद्र्याला व्हीनियर म्हणतात. तो कागदापेक्षा थोडाच जाड असतो. जोरात घासले की आरपार जातो आणि मग त्याला उपाय नाही. फळीच्या वरच्या बाजूची रेषा कडेवरून खाली उतरताना तशीच पुढे चालू राहते का, ते पाहा. भरीव लाकडात ती चालू राहते, पापुद्र्यात कडेवर तुटते.

सांधेही पाहा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवलेली असेल, म्हणजे सुतार ज्याला कुसवाचा सांधा म्हणतात तसा असेल, तर वस्तू मनापासून केलेली आहे. ती वाचवण्यासारखी आहे.

जुना रंग आणि घरातली मुले

पॉलिश केलेल्या वस्तूपेक्षा ऑइल पेंट लावलेली वस्तू जास्त काळजीची. कारण जुन्या रंगांत शिसे असते. रंग गडद यावा आणि लवकर वाळावा म्हणून ते घातले जाई. पिवळा, हिरवा, लाल आणि पांढरा यांत ते जास्त आढळते. खिडकीच्या गजांवरचा जुना शेंदरी प्रायमर तर पुष्कळदा शिशाचाच असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेली वस्तू असेल, तर तिच्यात शिसे आहे असेच समजून चालावे. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

रंग घट्ट बसलेला असतो तोवर फारसा धोका नसतो. कोरड्या कागदाने घासले की त्याची बारीक धूळ होते. ती फरशीवर, चादरीवर, मुलांच्या हातांवर बसते आणि हातावरून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, पोटातल्या बाळावरही होतो. किती शिसे सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. तिच्या मते सुरक्षित असे प्रमाणच माहीत नाही. मूल लगेच आजारी दिसेल असेही नाही. म्हणूनच ही गोष्ट लक्षात येत नाही.

तेव्हा रंगवलेल्या वस्तूसाठी हे नियम पाळा :

• काम घराबाहेर करा. गच्ची, अंगण किंवा पडवी चालेल. खाली जुनी प्लॅस्टिकची शीट अंथरा.

• कोरडे घासू नका. हार्डवेअरच्या दुकानात 'वॉटर पेपर' मिळतो. तो पाण्यात बुडवून ओलाच घासा, म्हणजे धूळ उडत नाही.

• दिव्याने किंवा गॅसच्या ज्योतीने रंग जाळून काढू नका. त्या धुरात शिसे असते.

• एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. ओढणी तोंडाला बांधून भागत नाही.

• पाच-सहा वर्षांपर्यंतची मुले आणि गरोदर बाई त्या जागेजवळ नको. मूल पोटात असेल तर तुम्ही स्वतः हे काम करू नका.

• झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके फेकून द्या. खरवडलेले तुकडे पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

• रंगवलेल्या लाकडाचे तुकडे बंबात किंवा चुलीत घालू नका. गावाकडे ही सवय फार आहे. तो धूर आणि ती राख दोन्ही वाईट.

घर लहान आहे, गच्ची नाही, मूल रांगते आहे, अशी स्थिती असेल तर रंग काढूच नका. तो घट्ट असेल तर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून त्यावर नव्या रंगाचे दोन हात द्या. जुना रंग खाली बंद राहतो. रंगाचे पोपडे निघत असतील, तर ती वस्तू मुलांच्या खोलीतून आजच बाहेर काढा.

पॉलिश कोणते आहे?

रंग नसून पॉलिश असेल तर काम बरेच सोपे. खालच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचे दोन-तीन थेंब लावा आणि मिनिटभर थांबा. पॉलिश चिकट झाले तर ते लाखेचे. आपल्याकडच्या जुन्या सागवानी सामानावर बहुतेक हेच असते. स्पिरिटने काही झाले नाही आणि थिनरने मऊ पडले तर ते लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर ते वॉर्निश किंवा त्याहून टणक काहीतरी आहे. ते घासूनच काढावे लागते.

टेबलावर डाग असतील तर त्यांचा रंग पाहा. चहाच्या कपाचा पांढरा गोल डाग पॉलिशमधला असतो. स्पिरिटचा नुसता वास लागेल इतक्याच ओलसर फडक्याने हलका हात फिरवला तरी तो पुष्कळदा जातो. तेवढ्यासाठी सगळे पॉलिश काढायला नको. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. लोखंडाचा गंज आणि पाणी लाकडाला लागून तो होतो. तो पूर्ण जाईलच असे धरून चालू नका.

पहिले काम छोटे घ्या

पहिल्यांदाच करत असाल तर कपाट काढू नका, तिपाई किंवा स्टूल घ्या. सामान असे लागेल : स्पिरिट एक लीटर (अर्धा लीटर जुने पॉलिश काढायला, अर्धा नवीन बनवायला), चपडा लाख ७५ ग्रॅम, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर प्रत्येकी दोन, एक लहान पातळ पत्रा, कापूस, जुने सुती कापड, फेविकॉल, सुतळी. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, हे लक्षात ठेवा.

काम पावसाळ्यात करू नका. हवा दमट असेल तर लाखेवर पांढरट सावट येते. दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांपासून मेअखेरपर्यंत कधीही करा, पण भर उन्हात नको. सावलीची, वारा खेळणारी जागा बघा.

धुणे, खरवडणे

ओल्या फडक्याला साबणाचा थोडा फेस लावून वस्तू पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. अर्धा मळ इथेच जातो. पाणी ओतून धुवू नका, सांधे सुटतात. कॉस्टिक सोड्याचे पाणी लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने लाकूड काळे पडते आणि हात भाजतात.

वस्तू वाळली की फडके स्पिरिटमध्ये भिजवून एका बाजूवर पसरा. दोन-तीन मिनिटांत जुनी लाख मऊ होते. पत्र्याने रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने ती ओढून घ्या. एका वेळी हातभर जागाच घ्या, नाहीतर पुन्हा सुकते. कोपरे आणि नक्षी यांसाठी जुना टूथब्रश घ्या. शेवटी स्वच्छ स्पिरिटच्या फडक्याने एकदा पुसून घ्या.

या वेळी खोलीत गॅस, मेणबत्ती, लोबान, उदबत्ती काहीही पेटलेले नको. स्पिरिट चटकन पेट घेते. वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

सांधे आणि कीड

पाय हलतो म्हणून त्यात खिळा ठोकायचा नाही. खिळ्याने लाकूड चिरते आणि पुढचा सुतारही वैतागतो. सांधा हलक्या हाताने उघडा, आतला जुना सरस खरवडून काढा, नवीन फेविकॉल लावून पुन्हा बसवा. मग चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे द्या, त्यात एक काडी घालून पीळ द्या आणि घट्ट झाल्यावर काडी अडकवून ठेवा. समोरासमोरच्या पायांचे कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले म्हणजे तिपाई तिरकी नाही. २४ तास तशीच राहू द्या.

लहान गोल भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकडात कीड आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे कीड सहसा कडेच्या फिकट भागाला लागते. दुकानात मिळणारे कीडनाशक लाकडी औषध सुईच्या पिचकारीने एकेका भोकात सोडा. हेही बाहेर करा, हातमोजे घालून, मुलांपासून दूर. वाळवी असेल तर नुसत्या वस्तूला औषध लावून उपयोग नाही, ती भिंतीतून येते. आधी भिंतीचा बंदोबस्त करा.

भोके आणि चिरा भरायला घासताना निघालेला त्याच लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये घट्ट कालवा आणि चाकूने दाबून भरा. रंग जवळपास जुळतो. जास्तीचा फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा. तो जिथे राहतो तिथे पॉलिश धरत नाही आणि डाग दिसतो.

घासणे

सगळे काम या टप्प्यावर अवलंबून असते. पॉलिश काही झाकत नाही. खालचा ओरखडा ते उलट ठळक करते.

आधी १२० नंबर, मग १८०, मग २२०. नंबर गाळू नका. हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवा. आडवा किंवा गोल फिरवला तर रेघोट्या उठतात. सपाट भागासाठी कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा म्हणजे खड्डे पडत नाहीत. कडा धारदार ठेवू नका, ३२० नंबरने एकदा मोडून घ्या. मुलांच्या डोक्याला लागतात. पापुद्र्याची वस्तू असेल तर १२० आणि १८० वापरूच नका, हलक्या हाताने २२० पुरे.

ही धूळ रंगाची नसली तरी नाकात जायला नको, मास्क ठेवाच. शेवटी स्पिरिटच्या फडक्याने पुसा. धूळ जाते आणि वरचे तेलही निघते. फडका फिरवताच लाकडाचा खरा रंग क्षणभर दिसतो, पॉलिशनंतर साधारण तसाच दिसेल. नुकताच घासलेला साग थोडा डागाळ आणि फिकट वाटतो. घाबरून रंगाची पूड मिसळू नका. उजेडात काही आठवड्यांत तो आपोआप एकसारखा सोनेरी होतो.

लाखेचे पॉलिश

लाख हा एका बारीक किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर तो जमतो. देशात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते. आपल्याकडे पूर्व विदर्भात गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूलाही होते. रांचीजवळ नामकूमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. हीच लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर चमक आणण्यासाठीही लावतात. त्यामुळे पूर्ण वाळलेले घरचे लाखेचे पॉलिश मुलांच्या सामानासाठी चांगले.

प्रमाण सोपे आहे. एक लीटर स्पिरिटला १५० ग्रॅम लाख. तिपाईसाठी अर्धा लीटरला ७५ ग्रॅम. काचेच्या बरणीत घालून झाकण लावा, रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. सकाळी जुन्या मलमलीतून गाळा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळे पडते. बरणीवर तारीख लिहा. फार दिवस ठेवलेली लाख नीट वाळत नाही, चिकट राहते. म्हणून लागेल तेवढीच करा.

एक ताकीद. स्पिरिट पाण्यासारखे दिसते आणि ते विष आहे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. दुकानदार तशा बाटलीत देत असेल तर घेऊ नका.

आता कापसाचा गोळा सुती कापडात बांधून पुरचुंडी करा. ती पॉलिशमध्ये बुडवून पिळून घ्या, ओघळ नको. हात कडेच्या बाहेरून आत आणा, रेषेच्या दिशेने सरळ न्या आणि पलीकडच्या कडेबाहेर काढा. मध्ये थांबलात तर पुरचुंडी तिथेच चिकटते. एका जागी पुन्हा पुन्हा घासू नका. राहून गेले असेल ते पुढच्या हाताला भरून निघते.

पहिला हात दिला की दोन तास थांबा. लाकडाचे तंतू उभे राहून ते खरखरीत लागेल, ३२० नंबरने हलके घासून पुसा. मग दुसरा, तिसरा. दिवसाला तीन हात पुरेत. दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन. प्रत्येक हात पातळ हवा. पाच-सहा पातळ हातांनी जी चमक येते ती दोन जाड हातांनी येत नाही. हाताला कोरडे लागले तरी आठवडाभर त्यावर काही ठेवू नका, नाहीतर कापडाची वीण उमटते.

स्पिरिट चालते का?

हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः रिहालच्या बाबतीत. हकीकत एवढी की पॉलिशमधले स्पिरिट उडून जाते आणि मागे लाख राहते. हे स्पिरिट पिण्यासारखेही नसते, त्यात मुद्दाम विषारी द्रव्य मिसळलेले असते. तरीही मनात शंका असेल तर आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा आणि मगच हात घाला. शंका ठेवून काम करण्यापेक्षा दुसरा मार्ग आहे. पाण्यात मिसळणारे पीयू वॉर्निश मिळते, किंवा जवसाचे तेल चोळून वर मेण लावता येते. मात्र जवसाच्या तेलाच्या फडक्यांचा ढीग करू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरा.

रिहालबद्दल आणखी एक सांगायचे. चांगली रिहाल एकाच फळीतून कोरलेली असते, दोन पाने एकमेकांत गुंतलेली. तिथे बिजागरी नसते, म्हणून तिथे स्क्रू किंवा गोंद लावू नका. नक्षीवर पॉलिश पेपर चालवला तर नक्षी सपाट होते. मऊ ब्रशने धूळ काढा, नक्षीत लाखेचे दोन पातळ हात ब्रशनेच द्या. जास्त दिले की बारीक कोरीव काम बुजते.

लाख कुठे नको

दस्तरखानाच्या चौकीला, जेवणाच्या टेबलाला आणि स्वयंपाकघरात लाख लावू नका. गरम भांड्याने ती मऊ पडते आणि पाण्याने पांढरी होते. तिथे पीयू वॉर्निश बरे. पलंग, कपाट, आरशाची चौकट, पुस्तकांची मांडणी, संदूक यांना लाख उत्तम. तिचा मोठा गुण असा की पुढे ओरखडा पडला तर सगळे काढावे लागत नाही. नवा हात जुन्या लाखेत विरघळून एकजीव होतो. तुमच्यानंतर ती वस्तू ज्याच्या घरी जाईल, त्यालाही ते सोपे जाईल.

सुताराला कधी बोलवावे

कुसूच मोडला असेल, पलंगाची लांब पट्टी चिरली असेल, कपाट एका बाजूला झुकले असेल किंवा पापुद्रा मोठ्या भागात सुटला असेल, तर सुताराला बोलवा. पण काय करायचे ते तुम्ही सांगा. सांधे दुरुस्त करून घ्या, खिळे नकोत म्हणून बजावा, आणि घासणे-पॉलिश करणे स्वतःकडे ठेवा. मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो.

लग्नघरात नवेच सामान दिले पाहिजे, असा एक धाक असतो. सामानाच्या यादीत पलंग-कपाट नवे नसेल तर लोक काय म्हणतील, या भीतीने पुष्कळ कुटुंबे हप्त्यांत अडकतात. खरे तर नीट खरवडून पॉलिश केलेला भरीव सागवानी पलंग मुलीला देताना कुणाची मान खाली जाण्याचे कारण नाही. बाजारात तसाच नवा घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल. मुलीला आणि तिच्या सासरच्यांना आधी विश्वासात घ्या, लाकूड दाखवा, आणि त्यांची खुशी असेल तरच पुढे जा.

या महिन्यात एखादे स्टूल घ्या, उलटे करा आणि खालच्या बाजूला नखाएवढी जागा खरवडून पाहा. खाली साग निघाला तर शुक्रवारीच काम सुरू करा. पुढच्या अंकात लोखंडी कपाटाचा गंज आणि त्याचे रंगकाम पाहू, इन्शाअल्लाह.